सहल आम्ही रद्द केलेली नाही

बेळगाव, ७ मे २०२६

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : वेंगुर्ला-देवबाग-देवगड-विजयदुर्ग मोटरबोट सहलीचे पूर्ण पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

५ मे रोजी तुमचा ईमेल मिळाला. ‘ग्राहकाने ऐनवेळी सहल रद्द केल्यामुळे’ ३१,५०० रुपयांपैकी १० टक्के रोख परत आणि बाकीचे व्हाउचर, असे तुम्ही कळवले आहे. व्हाउचरचे पुढे बोलतो. आधी त्या ‘रद्द’ शब्दाचे बोलू, कारण सगळे भांडण तिथेच आहे.

१ मे रोजी दुपारी एक वाजता आम्ही सात जण वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर सामानासकट उभे होतो. मी, बायको, धाकटा भाऊ, भावजय, दोन मुले आणि आमची एकाहत्तर वर्षांची आई. सकाळी सातला बेळगाव सोडले, शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोलीचा घाट उतरलो. आईने तांडेलासाठी, म्हणजे होडी चालवणाऱ्यासाठी, कुंद्याच्या मिठाईचा डबासुद्धा घेतला होता. सहल रद्द करणारी माणसे कुंदा घेऊन येत नाहीत.

होडी तुमची होती आणि तांडेलही तुम्हीच ठरवलेला. त्याने तुमचा छापील प्लॅन हातात घेतला, दोनदा वाचला आणि मला बाजूला बोलावून म्हणाला, “साहेबानू, ह्या पेट्रोलात देवगड येवचा नाय.”

माझे उद्यमबागेत लेथचे वर्कशॉप आहे. समुद्रातले मला फारसे कळत नाही, पण माप कळते. प्लॅनमध्ये टप्पे असे आहेत : वेंगुर्ला ते देवबाग ९, देवबाग ते देवगड २४, देवगड ते विजयदुर्ग ११. एकूण ४४ किलोमीटर, आणि त्या हिशोबाने ४० लिटर पेट्रोल. घरी आल्यावर मी नकाशा उघडून बसलो. देवबागची खाडी आणि देवगड यांच्या अक्षांशात साधारण २४ मिनिटांचा फरक आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. तुमच्या ऑफिसात कुणीतरी सागरी मैलाचे आकडे घेतले आणि पुढे ‘किमी’ लिहून टाकले. ४४ चे खरे ८१ किलोमीटर होतात. आमच्याकडे इंचाचा जॉब मिलिमीटरमध्ये वाचला तर माल भंगारात जातो आणि नुकसान वर्कशॉपवाला सोसतो. गिऱ्हाइकाने जॉब रद्द केला, असे कुणी लिहीत नाही.

तांडेलाच्या सांगण्याप्रमाणे ४० हॉर्सपॉवरचे ते इंजिन भरल्या होडीत जोर लावून चालवले तर तासाला पंधरा लिटरच्या आसपास पिते. एकट्या देवबाग-देवगड टप्प्यालाच वाऱ्यासमोर तीन तास धरावे लागतात. समुद्रात वाटेवर पंप नाही. बोटवाले एक तृतीयांश पेट्रोल जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेले अडीअडचणीला ठेवतात. तुमच्या प्लॅनमध्ये अडचणीसाठी एक लिटरसुद्धा धरलेला नाही.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि ही पेट्रोलपेक्षा गंभीर आहे. प्लॅनप्रमाणे दुपारी दोनला निघून साडेपाचला देवबागला कर्ली नदीच्या मुखातून आत शिरायचे होते. १ मे ही बुद्ध पौर्णिमा होती. कोकणातली शाळकरी पोरेसुद्धा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमा ही पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला, पूर्ण ओहोटी. तीही पौर्णिमेची, उधाणाची, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा जास्त खाली जाणार. मुखाशी वाळूचा दांडा आहे. उन्हाळ्यात पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो तोवर समुद्र तळ्यासारखा पडून असतो, पण दुपारनंतर वायव्येकडून समुद्रावरचा खारा वारा सुटतो आणि उथळ पाण्यात लाट फुटायला लागते. अख्ख्या पंधरवड्यात सगळ्यात वाईट अशी वेळ शोधायची म्हटली असती तरी इतकी नेमकी सापडली नसती. दिवस आम्ही निवडला हे खरे, सुट्टी होती म्हणून. पण दिवस बघून वेळ ठरवायची, याचेच तर आम्ही ‘नियोजन शुल्क’ म्हणून वेगळे ४,५०० रुपये भरले होते.

तांडेल उद्या पहाटे निघू म्हणाला. आम्ही तयार होतो. मी तुमच्या हेल्पलाइनला फोन लावला. पत्ता बेळगावचा दिसल्यावर तिकडच्या बाईंनी परस्पर हिंदी सुरू केले. मराठीत बोला म्हटल्यावर त्या छान मराठी बोलल्या, तो मुद्दा सोडून देतो. पण त्यांचे उत्तर काय, तर प्लॅन सिस्टिममधून निघतो, वेळ बदलता येत नाही, जायचे तर आत्ता जा, नाहीतर ‘कस्टमर कॅन्सल’ टाकते. फोन दुपारी १.५२ चा आहे. तुमच्याकडे सगळे कॉल रेकॉर्ड होतात, हे तुमचीच टेप सुरुवातीला सांगते. तो कॉल ऐका.

आता होडीविषयी. लाइफ जॅकेट सहाच होती आणि माणसे तांडेलासकट आठ. मुलांच्या मापाचे एकही नाही. सहा वर्षांच्या पुतण्याला मोठ्यांचे घालून पाहिले, खांद्याला धरून जरा उचलले, तर जॅकेट कानापर्यंत वर आले आणि पोरगे खालीच राहिले. इंजिन किनाऱ्याजवळ सुरू केले तेव्हा मागून थंडाव्याच्या पाण्याची जी धार पडायला हवी ती नुसती ठिबकत होती. आतल्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे चाक, झिजला की असे होते, आणि मग इंजिन तापून भर समुद्रात बंद पडते. चालवणारा तोल जाऊन पडला तर इंजिन बंद करणारी जी लाल दोरी असते, तिच्या जागी परकराची नाडी बांधलेली होती. तिचा फोटो सोबत आहे. तांडेलाने दोन्ही गोष्टी महिन्यापूर्वी तुमच्या माणसाला कळवल्या होत्या, असे तो म्हणाला. त्याला यावरून त्रास देऊ नका. त्या दिवशी तुमच्या बाजूने शहाणपणाने वागलेला तो एकटाच होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही ३,५०० रुपये देऊन दुसऱ्याची होडी केली आणि निवतीपर्यंत जाऊन दहाच्या आत परत आलो. समुद्र शांत होता, आईला डॉल्फिन दिसले, कुणाला उलटीही झाली नाही. म्हणजे सहल होण्यासारखी होती. तुमच्या प्लॅनने होण्यासारखी नव्हती.

राहता राहिले व्हाउचर. ते २० मे ते १५ जून या काळात वापरायचे आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवासी होड्या आणि जलक्रीडा पावसाळ्यासाठी २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी होडीसुद्धा तेव्हा थांबते. तुमच्या व्हाउचरचे सत्तावीस दिवस, त्यातले चालणारे सहा. हे मुद्दाम केले असेल असे मी म्हणत नाही. किलोमीटरचा घोळ ज्याने घातला त्यानेच तारखाही टाकल्या असाव्यात.

माझी मागणी अशी. ३१,५०० रुपये पूर्ण परत करावेत. दुसऱ्या होडीचे ३,५०० द्यावेत. तुमच्या नोंदीतले ‘ग्राहकाने रद्द केली’ काढून ‘कंपनीच्या चुकीमुळे झाली नाही’ असे लेखी कळवावे. आणि अंतरे, भरतीच्या वेळा नीट होईपर्यंत हा प्लॅन विकू नये. पुढच्या गिऱ्हाइकाला आमच्यासारखा तांडेल मिळेलच असे नाही.

पंधरा दिवस वाट पाहतो. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तुमच्या अटींमध्ये ‘वाद फक्त मुंबईच्या न्यायकक्षेत’ असे छापले आहे. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. माझ्या वर्कशॉपपासून ते ऑफिस स्कूटरवर जाण्यासारखे आहे. मुंबईहून तुम्हाला यावे लागेल.

पावती, छापील प्लॅन, फोनच्या नोंदीचा स्क्रीनशॉट आणि चार फोटो सोबत जोडले आहेत. पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात पाठवावेत.

आपला,
बुकिंग करणारा ग्राहक
उद्यमबाग, बेळगाव