मिस्त्री, तुम्ही आधी गच्चीवर चढलात

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

दोन विंगांमधल्या पॅसेजच्या छताचा तुकडा पडला आणि सळ्या दिसू लागल्या, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच उपाय होता: गिलावा मारा, रंग द्या. तुम्ही भोकाकडे एकदा बघितलंत आणि थेट वर गेलात. भिंतीलगतचा वाटा, म्हणजे भिंत आणि गच्चीच्या कोपऱ्यातली गोलाई, फुटलेला, पावसाचं पाणी जायचं तोंड बुजलेलं. आधी खाली जॅक लावून घेतलेत, मग ७५ मिमीचा नवा वाटा, १०० ला १ उतार, आणि ४८ तास पाणी भरून चाचणी. २५ मिमी पाण्याचंही चौरस मीटरला २५ किलो वजन होतं. कमकुवत स्लॅबखाली टेकू आधी हवेत, हे तुमच्यामुळे कळलं.

नंतर सगळं छत हातोडीने ठोकून पाहिलंत आणि बद्द आवाज येईल तिथे खडूने रेघ मारलीत. पडलेल्या भागापेक्षा रेघेतला भाग कितीतरी मोठा निघाला. गंज फुगतो, त्याला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो सळईखालचं २० मिमीचं कव्हर, म्हणजे तिला झाकणारं काँक्रीट, ढकलून पाडतो. नुसता गिलावाही त्याने असाच पाडला असता.

पॅसेजच्या दिव्याची लाईन बंद करूनच छिन्नी लावलीत. सळईच्या मागेही २० मिमी फोडलंत, कारण पाठीमागचा गंज राहिला तर तो आतून चालूच राहतो. कडा सरळ कापल्यात. निमुळती कड आधी सुटते. ८ मिमीची सळई जिथे ७ वर आली होती, तिथे तिच्या आडव्या छेदाचं जवळपास २३ टक्के क्षेत्रफळ गेलं होतं. तिथे जोडसळई टाकलीत आणि दोन्ही टोकांना, चांगल्या सळईवर, ४०० मिमी लॅप दिलात, म्हणजे दोन्ही सळया तेवढ्या लांबीत एकमेकींलगत ठेवल्यात. हे काम पूर्ण झाल्यावर कोणाला दिसणार नाही, म्हणून त्याचे आभार वेगळे.

सळईला गंजरोधक कोट, काँक्रीटला नवा माल धरून ठेवणारा पॉलिमर-सिमेंटचा हात. तो चिकट असतानाच माल लावायचा, यावर तुम्ही अडून बसलात, ते बरोबरच होतं. सुकलेला हात पकड देत नाही, उलट मधे पापुद्रा तयार करतो. ४८ मिमीची खोली १२-१२ मिमीच्या चार थरांत भरलीत. एकाच वेळी जाड माल लावला की तो स्वतःच्या वजनाने लोंबतो आणि वर पोकळी राहते. पहिला दिवस फवारा मारून ओल धरलीत, नंतर हवेत सुकू दिलंत.

स्लॅबच्या कडेपासून २५ मिमी आत, खालच्या अंगाला तुम्ही बारीक खाच काढलीत, ती तर कोणी मागितलीही नव्हती. आता पाणी छताच्या पोटाला चिकटून आत सरकत नाही, खाचेपाशीच ठिबकतं. ऑइल पेंट नको म्हणालात, तोही दिलेला नाही.

मनापासून आभार.

आपले,
दोन्ही विंगांचे रहिवासी