वाढवायची म्हणजे नेमकी कोणती शक्ती?

महोदय,

पावसाळा आला की आपल्या पानांवर ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवा’ छापाच्या जाहिराती सुरू होतात. काढे, गोळ्या, अवलेह. मला एकच विचारायचे आहे: ही शक्ती वाढवून करायचे काय?

मला हाशिमोटोचा थायरॉइड आहे. माझ्या प्रतिकारशक्तीत जोर कमी नाही, तिला माणसे ओळखता येत नाहीत एवढेच. स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीला ती परकी समजते आणि पोखरते, म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी गोळी. हाकारू हाशिमोटो यांनी या आजाराचे वर्णन १९१२ मध्ये केले, पण रुग्णाच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध अँटिबॉडी असतात हे उमगायला १९५६ उजाडले. आपलेच सैन्य आपल्यावर उलटते, हे डॉक्टरांनाही लवकर पटले नव्हते. माझ्या धाकट्या भावाचे दुसरे टोक. कोळंबीचा एक घास गेला की ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. बिचाऱ्या कोळंबीतल्या निरुपद्रवी प्रथिनावर त्याचे शरीर हिस्टामिन या सूज-खाज आणणाऱ्या रसायनाचा मारा करते. त्याला जाहिरातीतला काढा पाजून काय ‘वाढवणार’?

लस म्हणजे सरसकट ताकदीचे टॉनिक नव्हे. ती ओळख शिकवते, तीही एकेका शत्रूची. गोवराच्या लशीत विषाणू जिवंत पण दुबळा असतो. त्याला एकदा पाहिलेल्या पेशी वर्षानुवर्षे तो चेहरा विसरत नाहीत. कावीळ मात्र त्यांना अनोळखीच राहते. उलट खरा गोवर झाला तर तो जुन्या ओळखीही पुसतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचे गोवराच्या आधीचे आणि नंतरचे रक्त तपासले, तेव्हा इतर रोगांविरुद्धच्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झालेल्या आढळल्या. हे संशोधन २०१९ चे. ‘आमच्या वेळी सगळ्यांना गोवर यायचा, काही झाले नाही’ म्हणणाऱ्या आजोबांना हे कात्रण जरूर दाखवावे.

कोविडच्या काळात, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये, मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती, आणि यकृताच्या तपासणीत शरीरानेच यकृतावर हल्ला केल्याच्या खुणा होत्या. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वनस्पती असू शकते असे म्हटले. वाद राहू द्या. पण बाटलीत नेमकी कोणती वेल आहे हे गिऱ्हाईक कसे ओळखणार?

माझ्या शेजारणीनेही असाच काढा प्रेमाने आणून दिला होता. मी तो कुंडीतल्या तुळशीला घातला.

जाहिराती बंद करा असे म्हणत नाही, वृत्तपत्र चालवायला पैसे लागतात. पण थायरॉइड, संधिवात, सोरायसिस असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, ही एक ओळ त्याच चौकटीत, वाचता येईल अशा टायपात छापाल का?

— एक नियमित वाचक, डोंबिवली