ताप गेला, विषाणू राहिला

फोंडा, गोवा

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला रक्ताचा रिपोर्ट पाहिला. त्यातल्या 'अटिपिकल लिम्फोसाइट्स' वाचून घाबरलास, पण त्या बहुतेक तुझ्याच टी पेशी आहेत, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, विषाणूशी लढायला वाढलेल्या.

'हा विषाणू जन्मभर अंगात राहणार' हे डॉक्टरांचं बोलणं तू मनाला लावून घेतलंयस. बोलणं खरं आहे, पण तो राहतो कसा ते ऐक. तुला ताप आणणारा हा एपस्टाइन-बार विषाणू, हर्पिस कुळातला. 1964 साली लंडनमध्ये त्याचा शोध लागला. जगातल्या दहांतल्या नऊ मोठ्या माणसांत तो असतो, माझ्यातही असणार. त्याच कुळातला कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या पेशींत दडतो, हा आपल्या बी पेशींत, म्हणजे अँटिबॉडी बनवू शकणाऱ्या पांढऱ्या पेशींत. त्यातही जुनी दुखणी लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशींत. तिथे त्याचा डीएनए गोल कडं होऊन राहतो. विषाणूचंच एक प्रथिन ते कडं आपल्या गुणसूत्राला टाचून ठेवतं, म्हणून एका पेशीच्या दोन झाल्या की दोघींकडे प्रत जाते. एरवी तो जवळजवळ कुठलंच प्रथिन बनवत नाही. मला याचंच सगळ्यात नवल वाटतं! पेशीवर खूणच नाही, तर टी पेशी ओळखणार कशी? हर्पिसवरच्या असायक्लोव्हिर या औषधाचाही उपयोग नाही. ते विषाणूचं डीएनए बनवणारं विकर (एन्झाइम) अडवतं, आणि इथे नक्कल आपली पेशीच करून देते.

अशी पेशी अँटिबॉडी बनवायला लागली की तो जागा होतो, टॉन्सिलमधून लाळेत उतरतो. तेव्हा मात्र टी पेशींच्या तावडीत सापडतो. धडधाकट माणसाला यातलं काही जाणवतही नाही. अवयव बदललेल्या रुग्णांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते, त्यांना यातून लिम्फोमा, म्हणजे या पांढऱ्या पेशींचा कर्करोग, होऊ शकतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराशी असलेला संबंधही तुझ्या वाचनात येईल. लागण जवळजवळ सगळ्यांना होते, तो आजार फार थोड्यांना.

मला घोर आहे तो तुझ्या पानथरीचा, डाव्या बरगडीखालच्या प्लीहेचा. या आजारात ती सुजते. सुजलेली पानथरी नुसतं कोपर लागूनही फुटू शकते. तेव्हा फुटबॉल बंद, डॉक्टर तपासून हो म्हणेपर्यंत. मॅच कुठलीही असो. घसा दुखतोय तोवर उकड्या तांदळाची पेज घे, पाण्याची बाटली कुणाला देऊ नकोस. आणि डाव्या बरगडीखाली एकाएकी कळ आली तर माझ्या फोनची वाट न बघता, रात्र असली तरी, थेट बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठ.

तुझी,
आई