मागच्या पडवीची लाकडं

सांगली, गावभाग

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, आधी कबुली देते. मागच्या पडवीची लाकडं मी विकली नाहीत. फोनवर तुम्ही तीनदा विचारलंत, तिन्ही वेळा मी "बघते" म्हणाले. वखारवाला येऊन गेला, पण जळणाच्या भावात मागायला लागला, म्हणून चहा पाजून परत पाठवला. त्या लाकडांची मी होडी केली आहे. दहा फूट लांब, तळ तीन फूट रुंद. सध्या अंगणात पालथी आहे आणि मांजर तिच्यावर ऊन खात पडलंय. दारातून बाहेर जाते, मोजूनच बांधली.

2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा पडवीची भिंत बसली, कौलं गेली. माळ्याच्या सागवानी फळ्यांना मात्र ढिम्म झालं नाही. आई, तुझ्या चुलीच्या धुराने काळ्याकुट्ट झालेल्या. एकदा रंधा फिरवला की खालून गुळाचा रंग येतो, आणि वास असा की काम सोडून मी कीस हुंगत बसायचे.

सुतारमामा पहिल्या दिवशी नुसते हसले. दुसऱ्या दिवशी लोहचुंबक घेऊन आले, कारण माझ्या करवतीचे दात एका जुन्या खिळ्यावर गेले होते. डबाभर खिळे निघाले. सागाला अंगचं तेल असतं, चिकटवण्याआधी थिनरने पुसावं लागतं. हे मला जोडलेल्या दोन फळ्या सुटून हातात आल्यावर कळलं. नवा लोखंडी खिळा एकही मारलेला नाही, गंजतो. सगळे पितळी स्क्रू. किती पैसे गेले ते विचारू नका.

फटींत कापसाच्या वाती ठोकल्या (देवघरातल्या डब्यातल्याच, आई, रागावू नकोस), त्यावर राळ आणि तेल कढवून भरलं, बाहेरून डांबर. तरी पहिल्यांदा पाण्यात सोडली तेव्हा गळलीच. मामा म्हणाले, "अगं, गाडीचं चाक सुकलं की आम्ही ओढ्यात टाकायचो. हिलाही पाणी पिऊ दे." दोन दिवस नळी लावून आतून भरून ठेवली. फळ्या फुगल्या, फटी मिटल्या. आता तासाभरात कपभर पाणी येतं, तेवढं मी फडक्याने टिपते.

आई, तू आत्ता काय म्हणते आहेस ते मला इथवर ऐकू येतंय. त्या वर्षी ब्रह्मनाळला बोट उलटली, ते मीही विसरलेले नाही. पुरात ही होडी नेणार नाही, ती त्या कामाची नाहीच. तळ सपाट, काठ जेमतेम दीड फुटाचा. पन्नासेक किलो वजन चढलं की इंचभर खाली बसते. दोन माणसांची होडी, तिसऱ्याने काठावर बसून बघायचं. पावसाळ्यात ती सोप्यात टांगलेली असेल. आता पाणी संथ आहे, म्हणून सकाळी माई घाटाच्या काठाकाठाने जाऊन येते, तेही लाइफ जॅकेट घालून. त्यात मी फार विनोदी दिसते.

माळ्याच्या तुळईला शिंक्याची कडी होती ना, ती काढली नाही. तुळईचा तेवढा तुकडा होडीच्या पुढच्या टोकाला बसवला. घाटावर दोरी त्या कडीलाच बांधते.

आता राहिली वल्ही. एक बरं झालंय. दुसरं मुठीजवळ खडबडीत आहे, तळहाताला फोड आलाय. बाबा, तुमचा छोटा रंधा तुमच्याबरोबर पुण्याला गेलाय. तिथे फ्लॅटमध्ये कशाला लागतो कुणास ठाऊक. दादाजवळ देऊ नका, तो लगेच कुरिअर करून मोकळा होईल. येताना तुम्हीच घेऊन या.

तुमची,
सुमा