संकेतस्थळ ताब्यात घेण्याआधी माउस बाजूला ठेवून पाहा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बँकेचे व्यवहार, परीक्षेचे अर्ज, प्रवासाचे आरक्षण, डॉक्टरांची वेळ घेणे ही कामे आता प्रामुख्याने संकेतस्थळांवरूनच होतात आणि अनेक ठिकाणी समोर जाऊन काम करून घेण्याची सोय हळूहळू बंद होत चालली आहे. अशा परिस्थितीत एखादे संकेतस्थळ काही माणसांना वापरताच येत नसेल, तर त्यांचे ते काम एक तर अडून राहते किंवा स्वतःचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देऊन करून घ्यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे साधारण सहा माणसांमागे एक, लक्षणीय स्वरूपाच्या अपंगत्वासह जगतात. संकेतस्थळे तयार करण्याच्या व्यवसायात असल्यामुळे या प्रश्नाची एक बाजू मला रोज दिसते, म्हणून हे पत्र.

दृष्टिहीन व्यक्ती संगणक किंवा फोन वापरते ती स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, साहाय्याने. संगणकावर विनामूल्य मिळणारा एनव्हीडीए, अँड्रॉइड फोनवरचा टॉकबॅक, आयफोनवरचा व्हॉइसओव्हर ही त्यांपैकी काही नावे. स्क्रीन रीडर आवाज देतो तो मुख्यतः पानामागच्या कोडच्या आधारे, त्यामुळे डोळ्यांना दिसणारी मांडणी कितीही नेटकी असली तरी कोडमध्ये जे नोंदवलेले नाही ते त्याला सांगता येत नाही. एखादा साधा अर्ज घ्या. रकान्याशेजारी ‘मोबाइल क्रमांक’ असे ठळक छापलेले असते, पण कोडमध्ये ते शब्द त्या रकान्याशी जोडलेले नसतील, तर ऐकू येते एवढेच की इथे काहीतरी लिहायची रिकामी चौकट आहे. पुढे जन्मतारखेसाठी कॅलेंडर उघडते, ते फक्त माउसने चालते आणि तारीख थेट टाइप करू देत नाही. तरीही कसाबसा अर्ज भरून ‘सादर करा’ दाबले, तर चुकलेल्या रकान्याची कडा लाल होते आणि आवाजात त्याचा उल्लेखही नसतो. ही लाल कडा ज्यांना लाल व हिरवा रंग वेगळे ओळखता येत नाहीत त्यांच्याही सहज लक्षात येत नाही. चूक शोधण्यात वेळ जातो, मुदत संपल्याचे सांगून संकेतस्थळ माणसाला बाहेर काढते आणि भरलेले सगळे पुसले जाते.

यातली एकही अडचण नवी नाही. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने यासंबंधीची पहिली मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तत्त्वांची २.० आवृत्ती २००८ मध्ये आली, २०१२ मध्ये तिला आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये २.२ ही आवृत्ती आली. नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, मजकूर २०० टक्के मोठा केला तरी काही कापले जाऊ नये, प्रत्येक काम कीबोर्डवरून करता यावे, वेळेची मर्यादा असेल तर ती संपण्यापूर्वी सूचना देऊन मुदत वाढवून घेण्याची संधी द्यावी, इतक्या नेमक्या शब्दांत हे नियम लिहिलेले आहेत. तरीही वेबएम या संस्थेने २०२४ मध्ये दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे यंत्राद्वारे तपासली, तेव्हा त्यांपैकी ९५.९ टक्के पानांवर या तत्त्वांचा भंग आढळला. सर्वाधिक आढळणारा दोष होता फिकट मजकुराचा, आणि त्याखालोखाल वर्णन नसलेली चित्रे व नाव न जोडलेले रकाने. पांढऱ्यावर करडी अक्षरे ठेवण्याची जी फॅशन आली आहे तिचे समर्थन मला कधीच पटलेले नाही. चांगली नजर असलेल्या माणसालाही भर उन्हात फोनवर ती अक्षरे वाचता येत नाहीत.

नियम एवढे स्पष्ट असताना दुरुस्ती होत का नाही? माझ्या अनुभवाप्रमाणे याचे मुख्य कारण म्हणजे संकेतस्थळ बनवून घेणारा ती मागतच नाही. कामाच्या करारात रंग, बोधचिन्ह, सरकणारी चित्रे यांचा तपशील असतो, पण कीबोर्डचा उल्लेख नसतो. टॅबची कळ दाबत पुढे जाताना आपण कुठे आहोत हे दाखवणारी चौकट दिसायला बरी नाही म्हणून काढून टाकली जाते आणि त्याला कोणी हरकत घेत नाही. पुढे तक्रार आलीच, तर कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असलेले तयार बटण आणून बसवले जाते. अक्षरे मोठी करणे, रंग बदलणे या गोष्टी त्यातून होतात. पण ज्याला त्या लागतात त्याच्या फोनमध्ये बहुतेक वेळा त्या आधीपासूनच असतात, आणि मूळ अर्जातले बिननावाचे रकाने बहुधा होते तसेच राहतात. तपासणी करणाऱ्या सॉफ्टवेअरने दिलेल्या गुणांवरही विसंबता येत नाही. चित्राला वर्णन आहे की नाही हे यंत्र सांगते, मात्र त्या वर्णनात ‘चित्र १’ एवढेच लिहिले असले तरी ते समाधानी असते.

म्हणून संस्था, कंपन्या आणि कार्यालये यांना माझी विनंती आहे की, डब्ल्यूसीएजी २.२ चा ‘एए’ स्तर (तीन स्तरांपैकी मधला) ही करारातली अट असावी आणि तिची पूर्तता झाल्याशिवाय शेवटचा हप्ता दिला जाऊ नये. संकेतस्थळ ताब्यात घेण्यापूर्वी जबाबदार अधिकाऱ्याने माउस बाजूला ठेवून टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांच्या कळांवर एक संपूर्ण अर्ज स्वतः भरून पाहावा. त्यानंतर दृष्टिहीन, कर्णबधिर, हातांची हालचाल मर्यादित असलेल्या आणि वयस्क व्यक्तींकडून तेच काम सुरुवातीपासून पोचपावती मिळेपर्यंत करून घ्यावे आणि त्याचा त्यांना योग्य मोबदला द्यावा, कारण ही तपासणी म्हणजे कौशल्याचे काम आहे. प्रत्येक मोठ्या बदलानंतर हे पुन्हा करावे लागेल; नीट चाललेला अर्ज एका नव्या कॅलेंडरमुळे पुन्हा बंद पडू शकतो.

वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनाही हे लागू आहे. महत्त्वाचे तक्ते आणि आकडेवारी अनेकदा चित्राच्या रूपात टाकली जाते आणि बातम्यांच्या व्हिडिओंना उपशीर्षके नसतात. आपल्या वृत्तपत्राने असे तक्ते मजकुराच्या रूपात द्यावेत, व्हिडिओला उपशीर्षके द्यावीत आणि वाचताना अडचण आलेल्या वाचकांसाठी संपर्काचा पत्ता पहिल्याच पानावर ठेवावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक