अस्मितेवर लिहिण्याआधी निवेदक ओळख

प्रिय शरयू,

सप्रेम नमस्कार.

'समकालीन ब्रिटिश कादंबरीतील अस्मिता' हा प्रबंधाचा विषय असाच ठेवू नकोस. एवढ्या पसाऱ्यात पंधरा कादंबऱ्यांची नावं येतात आणि एकही नीट वाचून होत नाही. एकच घे. माझं मत अँड्रिया लेव्हीच्या 'स्मॉल आयलंड'ला (2004).

तिच्यात निवेदक चार: जमैकाचे हॉर्टेन्स आणि गिल्बर्ट, इंग्लंडचे क्वीनी आणि बर्नार्ड. पहिल्या वाचनात पेन हातात घेऊच नकोस. दुसऱ्या वेळी प्रत्येकाला वहीत वेगळी पानं दे आणि तीन गोष्टी टीप: प्रकरण 1948चं की त्याआधीचं, 'आम्ही' म्हणताना बोलणारा त्यात कुणाकुणाला धरतो, आणि तोच प्रसंग दुसरं कुणी सांगतं का.

हॉर्टेन्सपाशी जास्त थांब. शाळेत कीट्सची कविता म्हणून वाहवा मिळवलेली, शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलेली ही मुलगी लंडनला येते, तर टॅक्सीवाल्याला तिचं इंग्रजी कळत नाही. नोकरी मागायला जाते, तिथूनही तिला परत पाठवतात. इथे 'अस्मितेचा पेच' लिहून मोकळी होऊ नकोस. आपण कोण याबद्दल तिला शंका नाहीच, शंका समोरच्याला आहे. हा फरक निसटला की पुढची सगळी मांडणी घसरते. आणि तिला नुसती बिचारीही करू नकोस. स्वतःच्या उजळ रंगाचा तिला अभिमान आहे, गिल्बर्टला ती त्याच मापाने मोजते.

बर्नार्ड फार उशिरा बोलतो. त्याची ब्रह्मदेश-कलकत्त्याची पानं कंटाळवाणी, वर्णद्वेषी वाटतील, पण गाळू नकोस. युद्धावरून परतलेल्या या गोऱ्या माणसालाही स्वतःचं घर परकं झालेलं असतं, आणि ते लेव्ही त्याच्याच तोंडून सांगते.

सनावळीत घोटाळा हमखास होतो. 1948च्या कायद्याने वसाहतींतल्या लोकांना ब्रिटनबरोबरचं समान नागरिकत्व दिलं. त्यांच्या ब्रिटनमध्ये येण्यावर निर्बंध आले 1962च्या कायद्याने. विंडरश प्रकरण, म्हणजे कॅरिबियनमधून येऊन ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्यांना बेकायदेशीर ठरवल्याचं, गाजलं 2018 साली, म्हणजे कादंबरीनंतर चौदा वर्षांनी. त्यावरून आजच्या वाचनाबद्दल लिही, लेखिकेच्या हेतूबद्दल नको.

सिद्धान्त शेवटी. आधी होमी के. भाभा (साहित्य-सिद्धान्तकार, शास्त्रज्ञ नव्हे) वाचलास तर जिथेतिथे त्याची 'हायब्रिडिटी'च, म्हणजे संस्कृतींची सरमिसळच दिसेल. त्यापेक्षा संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉलचा 1990चा 'कल्चरल आयडेंटिटी अँड डायस्पोरा' (सांस्कृतिक अस्मिता आणि मायदेशाबाहेर विखुरलेला समाज) घे. तो स्वतः जमैकाचा, आणि निबंध एका बैठकीत वाचण्याजोगा आहे.

हॉर्टेन्सची टिपणं झाली की पाठव.

तुझी,
मेधा