बाळाचे ठोके आणि बाळाची हालचाल

ती. आई आणि ती. बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार.

बाळाचे ठोके घरच्या घरी ऐकवणारे यंत्र घेऊन पाठवतो, असे बाबा मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाले आणि आई, तूही मागून हौसेने होकार भरलास. मी नको म्हणाले. त्यामागचे कारण फोनवर घाईघाईत सांगण्यासारखे नव्हते, म्हणून सवडीने लिहीत आहे. तुमची माया मला कळते. इतक्या लांब राहून नातवंडाची चाहूल लागावी असे तुम्हाला वाटणारच. ठोके ऐकण्याची ओढ मलाही काही कमी नाही.

गेल्या तपासणीत डॉक्टरांनी पोटावर गार जेल लावून डॉप्लरची, म्हणजे अशाच ठोके ऐकवणाऱ्या यंत्राची, मूठ बेंबीखाली टेकवली, तेव्हा आधी बराच वेळ नुसता वाऱ्यासारखा सूं-सूं आवाज येत होता. मी विचारले, हेच का ते? डॉक्टर म्हणाल्या, नाही, हे वारेतले, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या अवयवातले, रक्ताचे वाहणे आहे. मूठ थोडी तिरपी केल्यावर एक सावकाश ठोका ऐकू आला. तोही बाळाचा नव्हता, माझाच होता. त्याची खात्री करण्यासाठी त्यांनी माझ्या मनगटावर बोटे ठेवून दोन्ही ठोके जुळतात का ते पाहिले. त्यानंतर कुठे खरे ठोके सापडले: बारीक, भरभर, एकामागून एक. पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० पडतात आणि आपले ६० ते १००. ऐकायला फरक सोपा वाटतो. परंतु आई घाबरलेली असली की तिची स्वतःची नाडीही शंभराच्या वर जाते, आणि घाबरलेल्या मनाला जे हवे असते तेच कानाला ऐकू येते. घरी यंत्र हातात घेण्याची वेळ नेमकी अशीच असणार, हे तुम्हालाही पटेल.

शिवाय, यंत्रातून येतो तो हृदयाचा मूळ आवाज नसतोच. यंत्र पोटात ध्वनिलहरी सोडते, हलत्या रक्तावरून आणि हृदयाच्या पडद्यांवरून त्या परतताना त्यांची कंपनसंख्या बदलते, आणि तो बदल आपल्याला आवाजाच्या रूपात ऐकवला जातो. त्यामुळे पोटात जे जे हलते ते ते यंत्र सारख्याच तत्परतेने ऐकवते. त्यातले बाळाचे कोणते, हे ओळखण्याचे काम शिकलेल्या कानाचे आहे. उलटही घडते. सुरुवातीच्या महिन्यांत, किंवा वार पोटाच्या पुढच्या बाजूला असेल तर, बाळ अगदी ठणठणीत असूनही ठोके सापडत नाहीत आणि बाईच्या जिवाचे पाणी होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये अशी यंत्रे डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय घरी वापरू नयेत, असे लोकांना जाहीरपणे सांगितले ते उगीच नव्हे.

आता मुख्य गोष्ट सांगते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००९ साली एका गर्भवतीची हकिकत छापून आली होती. नववा महिना भरत आलेल्या त्या बाईला बाळाची हालचाल कमी झाल्याचे जाणवले. तिने घरच्या डॉप्लरवर ठोके ऐकले, ते ऐकू आले म्हणून तिचे समाधान झाले, आणि रुग्णालयात जायला काही दिवसांचा उशीर झाला. ती गेली तोवर बाळ पोटातच दगावलेले होते. तिने ऐकले ते बहुधा तिच्याच नाडीचे ठोके किंवा वारेतला रक्तप्रवाह असावा, असे लिहिणाऱ्या डॉक्टरांनी म्हटले होते. ही हकिकत वाचल्यापासून माझा विचार पक्का झाला. त्या बाईने हयगय केली नव्हती, उलट काळजीनेच यंत्र हाती घेतले होते. आणि त्या यंत्राने तिच्या काळजीला चुकीच्या वेळी गप्प केले.

समजा, ऐकू आलेले ठोके खरोखर बाळाचेच असले, तरीही ते पुरेसे नाही. ठोके चालू असणे आणि बाळ सुखरूप असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारेतून मिळणारा प्राणवायू कमी पडू लागला की बाळ शक्ती वाचवण्यासाठी आपली हालचाल आवरती घेते. हृदय मात्र त्यानंतरही चालत राहते. म्हणजे हालचाल मंदावणे ही आधी मिळणारी सूचना आहे आणि ठोके थांबणे ही फार उशिराची. म्हणूनच रुग्णालयात अशा वेळी क्षणभर ठोके ऐकून सोडून देत नाहीत. पोटाला पट्टे बांधून निदान वीस मिनिटे ठोक्यांचा आलेख काढतात, ते किती वरखाली होतात आणि बाळ हलल्यावर वाढतात का हे पाहतात, आणि गरज पडली तर सोनोग्राफी करतात. ते वाचण्याचे शिक्षण ना माझ्याकडे आहे, ना बाबा, तुम्ही पाठवणार असलेल्या यंत्राकडे.

मला आता बाळाची हालचाल चांगली कळू लागली आहे. दुपारी मी डाव्या कुशीवर पडले की ते जागे होते, आणि रात्री दिवा मालवल्यावर उजव्या बरगडीखाली एक टोचणी ठरलेली असते. दिवसाला अमुक इतक्या लाथा मोजा असा काही सर्वांना लागू पडणारा आकडा नाही. प्रत्येक बाळाची आपली रीत असते आणि जसजसे दिवस जातील तसतशी ती अधिक पक्की होत जाते, ती ओळखून ठेवायची, असे डॉक्टरांनी मला सांगितले आहे.

आई, इथे मला तुझी मदत हवी आहे. शेवटच्या महिन्यात जागा अपुरी पडते म्हणून बाळ हलायचे कमी होते, असे आपल्याकडच्या जुन्या बायका सांगतात, आणि तूही एकदा तसे म्हणाली होतीस. ते खरे नाही. हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी कूस बदलल्यासारखे वाटते, पण ती प्रसूतीपर्यंत कमी होता कामा नये. तेव्हा मी कधी फोन करून म्हणाले की आज बाळ नेहमीसारखे हलत नाही, तर मला गोड खा, गार पाणी पी, सकाळपर्यंत बघ, असे सांगू नकोस. ‘फोन ठेव आणि लगेच रुग्णालयात जा’, एवढेच सांग. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हेच सांग. बाबा, तुम्हीही. मी उगीच लोकांना त्रास कशाला म्हणून टाळू लागले, तर मला दटावा. तुमचे मी ऐकते. दहा वेळा जाऊन दहाही वेळा सर्व ठीक निघाले, तरी त्यात वाईट काहीच नाही.

(मावशीला एवढे सांगा की ठोके १४० च्या वर म्हणजे मुलगी, या म्हणण्यात काही तथ्य नाही. मुलगा असो वा मुलगी, ठोके सारखेच पडतात.)

ऐकण्याची हौस मात्र आपण पुरी करू. आई, माझ्या वेळी नर्सबाई एक पोकळ नळी पोटावर टेकवून, दुसऱ्या टोकाला कान लावून ठोके मोजत असत, असे तू सांगायचीस. ती नळी पिनार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८९५ मध्ये बनवली, आणि आजही अनेक सुईणी ती वापरतात. तिच्यातून हृदयाचा खरा आवाज कानावर येतो. बाळाची पाठ ज्या बाजूला असेल तिथे तो सर्वांत स्पष्ट असतो, म्हणून सुईण आधी हाताने चाचपून पाठ शोधते आणि मगच कान लावते.

तुम्ही आठव्या महिन्यात येणार आहात, तेव्हाची तपासणी मी तुमच्या येण्याच्या आठवड्यातच ठरवून घेतली आहे. तुम्हा दोघांना आत येऊ देण्याबद्दल डॉक्टरांना विचारले आहे आणि त्यांनी आनंदाने हो म्हटले आहे. डॉक्टर बाळाचे ठोके शोधतील आणि हेच बाळाचे असे सांगतील, तेव्हा तुम्ही हवे तितके ऐका. यंत्राचे पैसे खर्च करू नका. आईच्या गुडघ्यांची तपासणी राहिली आहे, तेवढी येण्यापूर्वी करून घ्या आणि काय सांगितले ते मला कळवा.

तुमची लेक